दिल्लीतल्या अवांतर देशात

माझा धाकटा भाऊ श्रीकांत तरुणपणीच केंद्र सरकारच्या नोकरीत लागून दिल्लीला गेला, तो तिथलाच झाला. फायली, नोटिंग आणि ऑफिसच्या मीटिंगा यांत बुडालेला साधा माणूस. या माणसानं तिथं बसून एक अख्खा देश उभा केला आणि हे मला, त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, सर्वांत शेवटी कळलं. तेही मिरजेत, एका लग्नाच्या पंगतीत. श्रीकांतची मुलगी ईरा माझ्या शेजारी जेवायला बसली होती. मठ्ठ्याचा घोट घेत तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आत्या, हे बघ. बाबांचं अवांतर."

एका भिंतीचा फोटो होता. भिंतीवर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले तिरपे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात चित्र. बाजार, होड्या, गच्चीवर वाळत घातलेली कापडं, भांडणारी माणसं. मला वाटलं, दिल्लीतलं कुठलं तरी प्रदर्शन असेल.

"कुणी काढलंय?"

"बाबांनीच. तुला माहीतच नाही?"

जिलबीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

आमच्या घरात वाटण्या फार पूर्वी झाल्या होत्या. जमिनीच्या नव्हे, जमीन नव्हतीच. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "सुलभा कलेची, श्री हिशेबाचा." त्याप्रमाणे मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवली, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, नाटकं लिहिली. माझं एक मोठं कल्पनारम्य नाटक आहे. त्यात तीन राजे, एक शापित तळं आणि एक उडणारा घोडा आहे. हौशी मंडळींनी ते बसवलं, थोडे प्रयोग झाले, मग थांबले. तरी कला माझ्या वाट्याची होती. आणि आता हा हिशेबाचा माणूस मला न विचारता माझ्या वाट्यात शिरून तिथं देश वसवून बसला होता.

लग्नाहून परतले आणि जानेवारीतलं दिल्लीचं तिकीट काढलं. शेजारीपाजारी सांगितलं, भावाला भेटायला चाललेय. खरं म्हणजे मी त्या भिंतीतल्या चुका बघायला चालले होते.

निझामुद्दीन

स्टेशनवर श्रीकांत घ्यायला आला होता. कानटोपी, मफलर, हातमोजे. नुसतं नाक दिसत होतं, पण ते आमच्या वडिलांचं नाक असल्यामुळे चुकायची सोय नव्हती. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "ताई, मेट्रोनं जाऊ. पटकन पोचू."

मेट्रोच्या दारात सामान एका यंत्रातून आत जातं. माझी पिशवी गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेल्या बाईनं एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माताजी, ये क्या हथियार है?"

ती विळी होती. मेधानं, म्हणजे माझ्या भावजयीनं, सांगलीहून मुद्दाम मागवलेली घडीची विळी. श्रीकांत अजिजीनं समजावायला लागला, "मॅडम, सब्जी काटने का है. इसपे बैठके काटते हैं."

"बैठके?"

मग मी त्या गर्दीत उकिडवी बसून, एक पाय पुढे घेऊन, हवेतला नारळ खवून दाखवला. मागची रांग हसली, ती बाईही हसली, पण विळी काही आत सोडली नाही. शेवटी ऑटो केली. धुकं इतकं होतं की दिल्लीत शिरतोय की दिल्लीतून बाहेर पडतोय हे कळत नव्हतं. थंडीनं माझे दात वाजत होते. श्रीकांतनं स्वतःचा मफलर काढून माझ्या डोक्याला गुंडाळला. अशा वेळी माणसाचा राग करणं फार अवघड जातं. मी नेटानं केला.

आर. के. पुरम

सरकारी क्वार्टर्सच्या त्या पिवळट इमारती एकीसारखी एक. जिन्यात एका दारातून सांबाराचा वास, दुसऱ्यातून मोहरीच्या तेलाचा, तिसऱ्यातून आपल्या फोडणीचा. मेधानं दार उघडताच पहिलं विचारलं, "ताई, विळी आणलीत?" मग नमस्कार.

चहाबरोबर गजक आली. तीळगुळाचीच बहीण, पण पापडासारखी लाटलेली. दाताखाली भुगा होते. मी भडंग काढलं. बशी मधे ठेवून आम्ही तिघं रजईत पाय घालून बसलो आणि श्रीकांतनं अवांतरची गोष्ट सांगितली.

ईरा चार-पाच वर्षांची होती. शाळेत हिंदी, खाली खेळायला हिंदी, मराठी फक्त घरातलं. मेधा तिला रोज बजावायची, तिन्हीसांजेच्या आत घरी ये. एक दिवस पोरीनं बापाला विचारलं, "बाबा, तिन्हीसांज किती दूर आहे?"

"मला इतकं हसू आलं, ताई," श्रीकांत म्हणाला, "पण म्हटलं, शब्दाचा अर्थ सांगितला तर ती विसरेल. गाव आहे म्हटलं तर जायला मागेल. म्हणून सांगितलं, हुडहुडीच्या पुढं, कवडशाच्या अलीकडं. तिला तेही शब्द माहीत नव्हते. झाली की तीन गावं."

"आणि अवांतर?"

"तिला वाटायचं, मी ऑफिसला जातो ते अवांतरला. मीच फोनवर म्हणायचो ना, आज अवांतर कामं फार आहेत."

कवडसा, हुडहुडी, तिन्हीसांज. मुलगी मोठी झाली आणि गावं राहिली. दिल्लीतल्या ओळखीच्या मराठी घरांतली आणखी दोन माणसं त्यात आली. मयूर विहारच्या शबाना मुजावर यांनी हुडहुडी घेतली, द्वारकेच्या गायकवाडांनी तिन्हीसांज. कवडसा श्रीकांतकडे राहिला. या देशात राजा नाही, लढाई नाही. मी आवर्जून विचारलं. एका गावात लोक चित्रं काढतात, एका गावात लिहितात, एका गावात नाटक करतात. प्रत्येक गावाचे आपल्या कलेबद्दल नियम आहेत आणि ते मोडत नाहीत. मला माझ्या नाटकातला राजवाडा आठवला. अकरा दालनांचा तो राजवाडा मी बारकाव्यांसकट लिहिला होता. पण त्यात कुणी चित्रकार नव्हता, कवी नव्हता. इतके राजे होते आणि कुणालाही एक गाणं ऐकावंसं वाटलं नव्हतं. हे मला त्या रजईत बसून कळलं आणि भडंग एकदम तिखट लागायला लागलं.

भिंत मागच्या खोलीत होती. कवडशातला नियम असा की, भिंतीवर ऊन जिथं पडेल तिथंच आणि ते तिथं असेल तोवरच चित्र काढायचं. ऊन सरकलं की ब्रश खाली. त्या खोलीला पूर्वेची एक खिडकी आहे आणि समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून सकाळी थोडा वेळ उन्हाचा तुकडा समोरच्या भिंतीवर येतो. सुट्टीच्या दिवशी श्रीकांत रंग कालवून तयारीत बसतो. वर्षभरात सूर्य सरकतो तसा तो तुकडा भिंतीवरून सरकतो. उजवीकडे हिवाळा, डावीकडे उन्हाळा. अशी कितीतरी वर्षं एकमेकांवर चढली होती. हिवाळ्यातले चौकोन फिकट, घाईचे. उन्हाळ्यातले भरगच्च, तांबडेपिवळे. आणि उजव्या कडेला मधेच एक पांढरा पट्टा, कोरा.

"इथं काय झालं?"

"नोव्हेंबर," तो म्हणाला. "धुरकं असतं. ऊन येतच नाही."

मी चुका शोधायला आले होते. त्या सापडल्या. बैलाचे पुढचे पाय चुकले होते. होडी पाण्यावर नसून पाण्यासमोर उभी होती. माणसांचे हात कोपरात कसेही वळत होते. माझ्या वर्गात सातवीच्या मुलाला मी हे पुन्हा काढायला लावलं असतं. एकेक चूक मी मोजत गेले आणि तितक्याच वेळा भिंतीवरचा तो बाजार गजबजत गेला. मला तिथं जायचं होतं. त्या गच्चीवरची ओली कापडं हातानं सारून पलीकडे बघायचं होतं. माझ्या नाटकाच्या प्रयोगाला असं कुणाला वाटलं असेल का, हा विचार आला आणि मी पुन्हा बैलाच्या पायांकडे वळले.

"हे गायीगुरांचं जरा बघ," मी म्हणाले. "पाय चुकलेत."

"हो ना," श्रीकांत उत्साहानं म्हणाला. "तेवढ्यात ऊन गेलं."

जेवताना मेधानं सांगितलं, मे महिन्यात तो रिटायर होतोय. क्वार्टर सोडायचं. पुढच्याला देण्याआधी सगळीकडे चुना मारतात.

"मग भिंत?"

"फोटो आहेत ईराकडे," श्रीकांत म्हणाला आणि मुळ्याच्या पराठ्यावर लोणी घेतलं. माझ्या सगळ्या नाटकांची हस्तलिखितं मी डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवली आहेत. त्या पराठ्यावर सावकाश पसरणाऱ्या लोण्याकडे बघताना मला त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या भुकेचा जास्त हेवा वाटला.

मयूर विहार

दोन दिवसांनी ईरा मला हुडहुडीला घेऊन गेली. म्हणजे मयूर विहारला, मेट्रोनं. या खेपेस पिशवीत फक्त बेदाणे होते. बायकांच्या डब्यात आम्ही दोघी बसलो. कालिंदी कुंजच्या पुलावरून यमुना दिसली, तिच्यावर पांढरा फेस तरंगत होता. कृष्णाकाठची मी, नदी दिसली की हात जोडायची सवय. हात अर्धे वर गेले आणि तिथंच राहिले.

"आत्या, डोंट वरी, शबाना आंटी एकदम कूल आहेत," ईरा म्हणाली. "बस तुझं अक्षर दाखवू नकोस त्यांना."

"का?"

"कळेल ना यार."

शबाना मुजावर माझ्याच वयाच्या, मूळच्या मिरजेच्या. वडील तंतुवाद्यं बनवायचे. त्या सरकारी कचेरीत अनुवादक होत्या. पुढे हाताला कंप सुरू झाला तेव्हा नोकरी लवकर सोडली. मी मिरजेचं नाव काढताच त्यांनी मला दारातच कवटाळलं आणि लक्ष्मी मार्केटपासून एकेक गल्ली विचारून घेतली. जेवायला बाजरीची भाकरी आणि लसणाच्या फोडणीची चाकवताची पातळ भाजी होती. "भाजीवाला बथुआ म्हणतो," त्या म्हणाल्या, "मी त्याला रोज चाकवत म्हणायला शिकवते. आता तोच मला विचारतो, दीदी, चाकवट दूँ?"

जेवणानंतर त्यांनी हुडहुडीचं लेखन दाखवलं. हुडहुडीत बारा महिने थंडी. सगळ्यांचे हात थरथरतात, म्हणून तिथल्या लिपीत सरळ रेघच नाही. प्रत्येक अक्षर लाटेसारखं हलतं आणि कोणत्या अक्षराला किती लाटा हे ठरलेलं आहे. शबानाताईंनी कागद पुढे ओढला आणि लिहू लागल्या. पेन धरलेला हात हलत होता, आणि त्या हलण्यातूनच ती लिपी कागदावर उतरत होती. ओळ पूर्ण झाली तेव्हा ती वाऱ्यावर हलणाऱ्या गवतासारखी दिसली.

"आता तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी प्रयत्न केला. माझं अक्षर मोत्यासारखं म्हणून सांगलीत फळ्यावरचे सुविचार नेहमी मीच लिहायचे. शबानाताईंनी कागद दूर धरून पाहिला आणि मनापासून हळहळल्या.

"सुलभाताई, हुडहुडीत हे कुणाला वाचता येणार नाही हो. फारच सरळ आहे."

ईरा तोंडावर हात धरून हसत होती.

बोटं गारठतात म्हणून हुडहुडीतले लोक फार लिहीत नाहीत. तिथली मोठ्यात मोठी कादंबरीसुद्धा दोन-चार ओळींची. मी म्हटलं, वाचून दाखवा एखादी. त्यांनी वाचली: "आज शेकोटीला एक माणूस कमी होता. सगळे थोडे जवळ सरकले."

"पुढं?"

"संपली."

मी उठून बाल्कनीत गेले. खाली सोसायटीतल्या बायका उन्हात खुर्च्या टाकून मटार सोलत होत्या. माझे यजमान गेल्यानंतर त्या दुःखावर मी एक जाडजूड कादंबरी लिहिली होती. प्रकाशकानं कागदाची किंमत सांगून परत पाठवली. तिच्यात जे आलं नव्हतं ते या बाईनं दोन वाक्यांत लिहून, पुन्हा भाकरी थापून, मला वाढलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं किती आणि चिडीचं किती, सांगता येणार नाही.

मागून शबानाताई आल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो हलत होता, त्यामुळे थोपटल्यासारखं वाटत होतं.

"चहा टाकू?" त्यांनी विचारलं.

पुन्हा आर. के. पुरम

परत आल्यावर श्रीकांतनं विषय काढला. बोलावं की नको, असं करत मफलरचं टोक पिळत बसला होता.

"ताई, रविवारी द्वारकेला तिन्हीसांजेचं नाटक आहे. त्याचा शेवट लिहायचा राहिलाय."

"मग लिही की."

"आम्हाला चालत नाही. शेवट बाहेरगावच्या पाहुण्यानं लिहायचा असतो. तिथला नियमच आहे. तू लिहिशील?"

मी थोडा वेळ विचारात पडल्यासारखं केलं. मनातून मात्र मी पदर खोचून उभी होते. या देशात निदान एक जागा तरी मिळाली होती आणि ती शेवटाची होती. लोक घरी जाताना जे बरोबर नेतात ते माझं असणार होतं.

नाटकाची गोष्ट साधी होती. नदीकाठी एक बहीण रोज संध्याकाळी उभी असते. तिचा भाऊ चित्रकला शिकायला कवडशाला गेलाय. नावाडी रोज पलीकडून माणसं आणतो आणि ती रोज विचारते, आज तरी आला का? ईरा बहीण, गायकवाड नावाडी. भाऊ येतो की नाही आणि आला तर पुढं काय, ते मी लिहायचं.

तिथला दुसरा नियम मला ईरानं सांगितला. तिन्हीसांजेच्या नाटकात दिवा लावत नाहीत. सूर्य टेकला की सुरुवात. अंधारत जातं तसं नाटक पुढं जातं, आणि बघणाऱ्यांपैकी कुणालाही नटाचा चेहरा दिसेनासा झाला की त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "दिसेनासं झालं." तिथं नाटक संपतं. वाक्य अर्धं असलं तरी.

"आणि शेवट राहिला तर?"

"तर राहिला. बिल्कुल बोलायचा नाही. पण टेन्शन नको घेऊस, गायकवाड अंकलचा अंदाज परफेक्ट असतो."

मी कॉलनीच्या पार्कात उन्हाला बसून लिहिलं. शेजारी निवृत्त मंडळी संत्री सोलत राजकारण करत होती. रताळ्याची चाट विकणारा लिंबू पिळताना मला विचारी, "आंटीजी, एक्झाम है क्या?" होती खरी. मी भावाला परत आणलं. तो इतका बदललाय की बहीण त्याला ओळखत नाही, पुन्हा विचारते, आज तरी आला का? आणि नावाडी तिला एका वाक्यात उत्तर देतो. ते वाक्य सापडायला दोन दिवस लागले. सापडलं तेव्हा मी हातातलं रताळं तसंच ठेवून उठले आणि पार्काला एक फेरी मारून आले. इतकं चांगलं वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही, हे मला जितकं स्वच्छ कळत होतं तितकं क्वचितच काही कळलंय. तो शेवटचा संवाद फक्त म्हणणाऱ्यालाच द्यायचा असतो, म्हणून मी तो फोनवरून गायकवाडांना सांगितला. त्यांनी तो मला पुन्हा एकदा म्हणायला लावला. मग म्हणाले, "बाई, हे मी नीट म्हणेन."

द्वारका

द्वारकेला सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या. तीस-चाळीस माणसं असतील. कुणी ऑफिसची बॅग पाठीवर तशीच घेऊन आलेलं, कुणी घरून थर्मास आणलेले. गायकवाड मूळचे नगरचे, उंच, खर्जातला आवाज. त्यांच्या पत्नीनं नाताळचा उरलेला केक कापून सगळ्यांना वाटला. अधूनमधून डोक्यावरून विमान खाली उतरायचं, विमानतळ जवळच, तेव्हा नट गप्प उभे राहत आणि नावाडी वर बघून म्हणे, "बगळे परतले." नाटकात ते बसून गेलं होतं.

सूर्य धुरकटात बुडाला आणि नाटक सुरू झालं. मी सांगलीत वाढलेय, नाटकं पुष्कळ पाहिलीत. पण प्रेक्षक इतके पुढं झुकून बघताना मी पाहिले नव्हते. उजेड कमी होत जाईल तशी माणसं पुढं सरकत होती, कारण प्रत्येकाला चेहरा दिसत राहायला हवा होता. मोबाइल कुणी काढत नव्हतं. त्याच्या उजेडानं डोळे दिपतात. माझ्या प्रयोगांना दुसऱ्या अंकात लोक घड्याळं बघायचे. मी दातावर दात धरून बसले होते. आता माझा भाग यायचा होता. आला.

नाव लागली. भाऊ उतरला. बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. ईरा नावाड्याकडे वळली आणि इतक्या साधेपणानं विचारलं, "आज तरी आला का?" गायकवाडांनी वल्हं खाली ठेवलं. मान वर केली. तोंड उघडलं.

"दिसेनासं झालं."

आवाज माझ्या शेजारून आला होता. श्रीकांतचा.

सगळे उठले. टाळ्या वाजल्या, सतरंज्या झटकायला लागल्या, थर्मास उघडले. गायकवाडांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. मला ते हात जोडलेले स्वच्छ दिसले. त्यांच्या मिशा दिसल्या. ईराच्या कपाळावरची टिकली दिसली.

मी श्रीकांतला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"तू मुद्दाम म्हणालास."

"नाही ताई."

"सगळ्यांना दिसत होतं! मला दिसत होतं. आणखी एक वाक्य होतं रे, एकच. तुला तुझ्या देशात माझं एक वाक्यसुद्धा नकोय."

"ताई, मला ईराचा चेहरा खरंच दिसेना." तो चष्मा काढून मफलरनं पुसत होता. "मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. पिकू दे म्हणालेत डॉक्टर, मग ऑपरेशन करू. माझी तिन्हीसांज आता लवकर होते. कुणाला बोललो नाही. पण दिसत नसताना गप्प कसा बसणार? नियम मीच केलाय."

खालून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग, काय झालं मला, मी बोलून गेले.

"श्री, मला तुझा हेवा वाटतो. आल्यापासून वाटतोय. त्या भिंतीचा, शबानाताईंचा, या माणसांचा. रात्री झोप लागत नाही इतका."

वाटलं होतं, तो म्हणेल, असं काय ताई, तू केवढी मोठी लेखिका. पण तो चष्मा हातात तसाच धरून उभा राहिला आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. लहानपणी गणितात पैकीच्या पैकी मिळाले की असा दिसायचा.

"खरंच?" त्यानं विचारलं.

"खरंच म्हणजे काय? आग होते."

"लोक येतात, बघतात, छान छान म्हणतात," तो म्हणाला. "ऑफिसातले म्हणतात, हॉबी अच्छी है, टाइम पास होता है. मेधासुद्धा म्हणते, बरं आहे, कशात तरी रमतोस. इतकी वर्षं, ताई, हेवा कुणी केला नव्हता. तुला बोलवायला मी घाबरत होतो. म्हटलं, ताई येईल, बैलाचे पाय बघेल आणि छान म्हणून निघून जाईल."

त्यानं डोळे पुसले. मोतीबिंदूचं पाणी नव्हतं ते. मी त्याच्या हातातला चष्मा घेऊन त्याच्या नाकावर बसवला आणि आम्ही केक खायला गेलो. हेवा कमी झाला म्हणाल तर नाही. उलट आता तो लपवायचं कारण उरलं नव्हतं, त्यामुळे तो ऐसपैस बसला.

परत निझामुद्दीन

घरी पोचेपर्यंत श्रीकांतच्या डोक्यात भुंगा शिरला होता.

"ताई, ते वाक्य काय होतं?"

"कुठलं?"

"शेवटचं. नावाड्याचं."

"राहिलं ना ते. बिल्कुल बोलायचं नाही, असा नियम आहे."

"नाटकात. आपण घरात आहोत."

मी मेधाला विळीवर कोबी चिरून देत होते. कोबी बारीक पडत होता.

त्यानं गायकवाडांना फोन लावला. ते म्हणाले, राहिलेलं वाक्य ज्याच्या तोंडी होतं त्याच्यापाशीच राहतं, तुम्हीच ठरवलंय. त्यानं ईराला विचारलं. तिला माहीत नव्हतं. जेवताना त्यानं स्वतः तीन-चार वाक्यं करून पाहिली. "असं काही होतं का?" मी म्हणाले, "चांगलं आहे, पण हे नव्हे." रात्री पाणी प्यायला उठले तर अंथरुणात जागा.

"गायकवाडांना माहीत आहे आणि मला नाही," तो अंधारात म्हणाला.

निघायच्या दिवशी तो डब्यात येऊन माझी बॅग सीटखाली लावून गेला, पाण्याची बाटली भरून दिली, मेधानं केलेल्या मेथीच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर ठेवला. गाडी हलली तसा फलाटावरून खिडकीबरोबर चालू लागला. डोळे बारीक करून माझा चेहरा शोधत होता.

"ताई, निदान पहिला शब्द तरी!"

मी हात हलवला.

मथुरा यायच्या आत त्याचे तीन फोन आले. मी एकही उचलला नाही. डबा उघडला, पुरी लोणच्याला लावली आणि बाहेरच्या पिवळ्याधमक मोहरीच्या शेतांकडे बघत सावकाश खाल्ली. इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते.